अळीसाहेबांचं बिऱ्हाड

आल्या दिवशीच त्यांनी खोलीच्या दारावर नावाची पाटी ठोकली. पण पाटी उर्दूत, आणि आमच्या घरात उर्दू वाचणारं कुणी नाही. पटवाऱ्याला आणि शाळेतल्या मास्तरांना वाचता यायचं, पण थोड्याच दिवसांत तेही साऱ्या आष्टी गावासारखं ‘अळीसाहेब’च म्हणायला लागले. म्हणून ज्या माणसानं आमच्या ओसरीवर एवढे दिवस बिऱ्हाड केलं, त्याचं नाव मी आज सांगू शकत नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, खाती बदलली, माणसं इकडची तिकडं झाली. विचारायचं राहूनच गेलं.

नोकरी शेतीखात्यात. काम, पिकावरच्या किडीचं. गावाला वाटलं, साहेब कीड मारायला आले. साहेब मात्र कीड बघायला आले होते. सकाळी शेतात जायचे आणि एखाद्या झाडापाशी असे बसायचे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं माणसाला चक्कर आली. आमच्या गड्यानं एकदा खरंच पाण्याचा तांब्या घेऊन धाव मारली होती. साहेबांनी तोंडावर बोट ठेवून त्याला शेजारी बसवलं आणि पान उलटं करून काहीतरी दाखवलं. गडी घरी येऊन म्हणाला, “पानाखाली सारं गावच हाय की वो.”

उंच, वाळकी काठी. अंगात काळी शेरवानी, तिचे खिसे कायम फुगलेले. घराणं हैदराबादेत कधीचं जाऊन राहिलेलं मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. मराठीत सुरू केलेलं वाक्य उर्दूत जाऊन संपायचं. बायको आणि मुली तिकडेच होत्या. एका दिवाळीला घरी गेले ते पाडव्याच्या आतच परत आले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, “येवढ्या जल्दी कसे आले?” तर म्हणाले, “एक कोष फुटायच्या बेतात आहे, मावशी. मी नसताना फुटला तर मला कळणार कसं, आतून कोण आलं?”

आत्याबाई आत येऊन मला म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्यानं अस्सं केलं असतं तर तू काय केलं असतं?” तेव्हा मी नवी होते. परक्या पुरुषासमोर यायचं नाही, बोलायचं तर दाराआडून.

माझी आणि साहेबांची ओळख झाली ती मात्र दाराआडून नव्हे. पावसाळ्याचे दिवस होते. चुलीतला विस्तव विझलेला आणि घरातली काडेपेटी सादळलेली. आत्याबाई म्हणाल्या, साहेबांच्या खिडकीत असंल, आण जा. साहेब शेतात गेलेले. खिडकीत काडेपेट्यांची रांगच होती. मी एक उचलली, चुलीपाशी बसून उघडली, तर आतून एका हिरव्या अळीनं डोकं वर काढून माझ्याकडं बघितलं. मी ओरडले, पेटी एकीकडं, अळी एकीकडं. नेमके साहेब त्याच वेळी ओसरीवर पोचले होते. ते अनवाणी धावत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आले आणि म्हणाले, “वहिनी, पाय उचलू नका! बिलकुल हलू नका!”

मला वाटलं, मला चावेल म्हणून सांगतात. तसं नव्हतं. माझ्या पायाखाली ती चिरडेल म्हणून. सरपणाखालून त्यांनी ती हलक्या हातानं उचलून घेतली, पेटीत ठेवली, वर पानाचा तुकडा घातला.

आत्याबाई भडकल्या. “अन् पोरगी चुलीवर पडली असती, मंग?”

“पडली नाही ना? अळीही सापडली. दोन्ही बराबर झालं,” साहेब म्हणाले, आणि जाता जाता खिशातून एक पेटी काढून, उघडून, आत काड्याच आहेत याची खातरी करून ती त्यांनी उंबऱ्यावर ठेवली.

त्यांचा दुसरा छंद कंदिलाच्या काचांचा. गावात कुणाच्या कंदिलाची काच तडकली की ती टाकायची नाही, अळीसाहेबांकडं द्यायची, हे पोरासोरांनाही माहीत झालं. कुंडीत एक रोप लावायचं, त्यावर अळी सोडायची, वरून काच उभी करायची आणि काचेच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधायचं. हवा आत, अळी आत, बघणारा बाहेर. अशा काचा आमच्या ओसरीवर एका ओळीत उभ्या असायच्या. संध्याकाळी आलेला पाहुणा म्हणायचा, दिवे का लावले नाहीत अजून?

मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हे सारं पसंत नव्हतं. बाजारात लोक त्यांना विचारायचे, “काय, तुमच्या वाड्यात अळ्या पाळून राह्यले म्हणं?” ते घरी येऊन चिडचिड करायचे. पण साहेबांच्या तोंडावर कधी बोलले नाहीत. शेतात त्यांच्यापासून चार हात लांबून जायचे, एवढंच.

साहेबांचे दोन ठरलेले प्रश्न असायचे. कोणताही किडा दिसला की, “हा काय खातो? आणि याला कोण खातं?” एवढं कळलं की त्यांच्या लेखी त्याची सगळी ओळख झाली. हळूहळू ती सवय माणसांवरही गेली. परतूरला नवीन तहसीलदार आले, फार कडक आहेत अशी बोलवा झाली. पटवारी घाबऱ्याघाबऱ्या सांगायला आला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “याला कोण खातं?” पटवारी हसावं की पळावं या विचारात तसाच उभा राहिला.

लोक औषध मागायला यायचे. खात्याकडून आलेला विषाचा एक डबा साहेबांच्या लोखंडी पेटीत होता, पण किल्ली जानव्याला. “हे टाकलं की अळी मरते,” ते सांगायचे. “बराबर. मग अळी खाणारा मरतो. मग तुमची शेळी ते पान खाते. आणि पुढच्या साली अळी परत येते, पण तिला खाणारा येत नाही. मग तुम्ही माझ्याकडं मोठा डबा मागता.” लोक माना डोलवून जायचे आणि बाहेर गेल्यावर म्हणायचे, डबा द्यायचा नसंल तर तसं सांगावं की.

मला ही गोष्ट पटली ती एका काचेमुळं. ओसरी झाडताना मी त्या काचांकडं चोरून बघते हे साहेबांच्या ध्यानात आलं असावं. एक दिवस त्यांनी एक काच स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली आणि दाराकडं न बघता म्हणाले, “वहिनी, मी मंठ्याला चाललो. हिच्यावर जरा नजर ठेवाल का? मेहेरबानी होईल.”

आत एरंडाच्या पानावर एक केसाळ अळी होती. पहिल्यांदा ती नुसती खात होती. पानाला कडेनं सुरुवात करायची आणि करवतीसारखं सरळ खाली उतरायची. मी भाकरी थापता थापता तिच्याकडं बघायची. मग ती मंदावली. खाईना, हलेना. एके सकाळी बघते तर तिच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले. मला वाटलं, बाळंत झाली. कुणाला सांगावं कळेना. मी आपली येता-जाता डोकावून बघत राहिले. पुढं त्या दाण्यांना वरून झाकण उघडल्यासारखी भोकं पडली आणि काचेत बारीक काळ्या माश्या फिरायला लागल्या, मुंगीला पंख फुटावेत तशा. अळी तिथंच, नुसतं कातडं उरलेली.

साहेब परत आल्यावर मी दाराआडून म्हटलं, “तिला पिल्लं झाली. पण अळ्या न्हाई झाल्या, माश्या झाल्या.”

साहेब शेरवानीसकट जमिनीवर बसले. काच डोळ्यांशी धरली. मग म्हणाले, “ही पिल्लं तिची नाहीत, वहिनी. एक माशी येऊन तिच्या अंगात अंडी घालून गेली होती. यांनी तिला आतून खाल्लं आणि बाहेर येऊन कोष केले. हे तुमच्या शेताचे जागले, राखणदार. कुणी नेमलेले नाहीत, कुणी त्यांना काही देत नाही. आणि आपण विष टाकून आधी यांनाच मारतो.”

मला जागल्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. पण मी एवढे दिवस त्या अळीकडं बघत होते. मी म्हटलं, “म्हंजे ती पान खात होती तवा आतून तिलाच कुणी खात होतं?”

“हो.”

“तिला कळत असंल का?”

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा दाराच्या दिशेनं नीट बघितलं. “हे मला कुणी शिकवलं नाही,” ते म्हणाले. “आणि मी कुणाला विचारलंही नाही.” मग काच उचलून ते शेताकडं गेले आणि फडकं सोडून माश्या मोकळ्या केल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी समोर येऊन बोलायला लागले. आत्याबाईंनी बघितलं, पण हटकलं नाही.

त्याच साली आमचा कापूस गेला. झाडं चांगली, बोंडं भरपूर, पण फोडून बघावं तर आत डागाळलेला, चिकटलेला कापूस आणि सरकीत गुलाबी अळी. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मधे ती झोपलेली असायची. वेचणीच्या बाया बोंड उघडायच्या आणि फेकून द्यायच्या. मालक बांधावर उभे राहून बघायचे. घरी आले की जेवायचे नाहीत. एका संध्याकाळी ते ओसरीवर जाऊन साहेबांना म्हणाले, “तुम्ही बघून राह्यले, बघून राह्यले. आता सांगा, काय दिसलं?” आवाज चढला नव्हता, पण मला आत भीती वाटली.

साहेब म्हणाले, “ती कुठं झोपते ते दिसलं. उन्हाळ्यात ती शेतात नसते. तुमच्या परसात असते.”

परसात पऱ्हाट्यांची गंज होती. कापूस संपला की झाडं उपटून आणायची आणि वर्षभर चुलीला वापरायची, ही सगळ्या गावाची रीत. त्या वाळक्या पऱ्हाट्यांवर न उमललेली बोंडं तशीच राहायची, बोंडात सरकी, सरकीत अळी. पाऊस पडला की अळीच्या पाकोळ्या होऊन गंजीतून पुन्हा शेतात. आमची गंज गावात सगळ्यांत मोठी. म्हणजे ज्या घरात अळीसाहेब राहत होते, त्याच घराच्या मागं अळीचं सगळ्यांत मोठं बिऱ्हाड होतं.

“मंग काय, सरपण जाळू?” आत्याबाई म्हणाल्या.

“सरपण जाळायलाच असतं, मावशी,” साहेब म्हणाले. “पण बोंडासकट चुलीत घालता का?”

“घालते का? धूर किती होतो. झोडून घेते आधी.”

“कधी झोडता?”

“लागतील तशा.”

“सगळ्या एकदम झोडल्या तर? उन्हाळ्याच्या आत?”

“एकटीनं? एवढी गंज?”

“मी येतो की,” साहेब म्हणाले.

आणि खरंच आले. माघातल्या उन्हात, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून, हातात बडवणं घेऊन सरकारी साहेब परसात पऱ्हाट्या झोडायला बसले. सुरुवातीला बाया तोंडाला पदर लावून बघायला आल्या. साहेबांना जोर कुठं लावायचा कळत नव्हतं, बोंड राहायचं आणि काडी मोडायची. शेवटी आत्याबाईंनी त्यांच्या हातातून बडवणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही बोंडं गोळा करा.” मग आमचं झालं की शेजारणीचं, तिचं झालं की पलीकडचं. झोडलेली बोंडं खड्ड्यात टाकून पेटवायची. मेंढ्या घेऊन आलेल्या धनगराला गाठून साहेबांनी त्याचा कळप कापसाच्या रानांत बसवला, म्हणजे खाली गळालेली बोंडंही राहू नयेत. सगळ्या गावानं केलं असं नाही. निम्म्या लोकांनी हसून सोडून दिलं. पण आमच्या आणि खालच्या आळीतलं सगळं झोडून झालं.

होळीच्या सुमाराला वरचे साहेब आले. अळीसाहेबांचे वरिष्ठ, सोबत दोन जवान. कापूस बुडाल्याची बोंब वरपर्यंत गेली होती आणि वरून हुकूम निघाला होता, गावातल्या पऱ्हाट्या जाळून टाका, एक काडी ठेवू नका. सुरुवात आमच्यापासून, कारण गंज मोठी आणि खात्याचा माणूस तिथं राहतो.

आत्याबाई परसात गेल्या आणि गंजीला पाठ लावून बसल्या. मी त्यांच्या मागं उभी. भिंतीपलीकडं आळीतल्या बाया.

“हटो, बाई,” वरचे साहेब म्हणाले. “सरकारी हुकूम है.”

“सरपण जाळता, मंग भाकरी कशावर भाजू?” आत्याबाई म्हणाल्या. “हुकमावर?”

ते वळून अळीसाहेबांना म्हणाले, “दियासलाई दो.”

अळीसाहेबांनी खिशात हात घातला. एक पेटी काढली, उघडली, बघितली, परत ठेवली. दुसरी काढली, तिचंही तेच. तिसरी उघडली तेव्हा आतून काहीतरी उडून गेलं. भिंतीपलीकडं कुणीतरी हसलं. वरच्या साहेबांचा चेहरा लाल झाला. पण अळीसाहेब चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच काड्यांची पेटी सापडत नव्हती.

“हुजूर, या झोडलेल्या आहेत,” ते म्हणाले. “बोंडं जाळून झाली. आता हे नुसतं लाकूड आहे.”

वरच्या साहेबांनी जवानाला गंजीवर चढवलं. त्यानं उपसून उपसून शेवटी एक फांदी काढली, तिला एक बोंड राहिलेलं. वरच्या साहेबांनी ते नखानं फोडलं. आत गुलाबी अळी. त्यांनी ती तळहातावर घेऊन अळीसाहेबांसमोर धरली. आत्याबाईंनी खाली मान घातली. मालक दाराशी उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

अळीसाहेब त्या अळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एक राहिली. एकीला खाणारे रानात आहेत, हुजूर. हजारो असत्या तर नसते पुरले. पण ही गंज जाळलीत, तर या बायका उद्या दुसऱ्या गावाहून पऱ्हाट्या आणतील. चूल तर पेटायचीच. त्या येतील बोंडांसकट, आणि तेव्हा झोडायला कुणी बसणार नाही. आपण जिकडं हुकूम न्याल तिकडं लोक गंजी लपवतील.”

“और अगले साल फिर आ गयी तो?”

“तो मेरी नौकरी.”

“यकीन है?”

“बिलकुल,” अळीसाहेब म्हणाले.

वरच्या साहेबांनी अळी खाली टाकून बुटानं चिरडली आणि ते जवानांना घेऊन निघून गेले. गंज राहिली. गुढीपाडवा झाल्यावर अळीसाहेबांच्या बदलीचा कागद आला. आत्याबाईंनी त्यांना वाटेत खायला धपाटे बांधून दिले. साहेबांनी ओसरीवरच्या एकेक काचेचं फडकं सोडलं, आतल्यांना मोकळं केलं, काचा धुऊन ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या. मालक त्यांना परतूरच्या स्टेशनापर्यंत सोडायला गेले. वाटेत दोघं काय बोलले, मला माहीत नाही.

पुढच्या हंगामात मी स्वतः वेचणीला गेले. बोंड हातात आलं की आधी फोडून बघायची. अळी होतीच. पण शोधावी लागत होती. मालक दुसऱ्या सरीतून ओरडून विचारायचे, “हाय का?” मी म्हणायची, “न्हाई.” असं दिवसभर चालायचं. ओढ्यापलीकडं, जिथं कुणी पऱ्हाट्या झोडल्या नव्हत्या, तिथं मात्र आदल्या सालासारखंच सडलं होतं.

त्यानंतर माझ्या भावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जालन्याला गेलो. कापडाच्या दुकानात बसलो असताना मालक एकदम म्हणाले, “साहेब हितंच कुठं तरी हायेत म्हणं. जाऊन येऊ.” मी बघतच राहिले. लेव्हीची, म्हणजे सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेली, ज्वारी साठवायची ती कोठारं स्टेशनाच्या अंगाला होती. तिथल्या हमालाला विचारलं तर तो हसला आणि आत बोट दाखवलं.

साहेब पोत्यांच्या थप्पीच्या आडोशाला बसले होते. शेरवानी तीच, खिसे तसेच. आम्हाला बघून उठले, धान्याच्या भुशानं पांढरे झालेले हात झटकले. मालकांनी आधी कापसाचं सांगितलं. एवढं भराभर बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. साहेबांनी अडवून अडवून विचारलं, ओढ्याच्या बाजूला किती, वरच्या रानात किती, पहिल्या वेचणीला की शेवटच्या. सगळं ऐकून झाल्यावर ते पोत्यावर टेकले आणि म्हणाले, “बरं झालं. मला खातरी नव्हती.”

“म्हंजे?” मालक म्हणाले.

“त्या दिवशी. हुजुरांनी विचारलं, यकीन है? खातरी मुळीच नव्हती. हे माझ्याआधी तिथं कुणी करून बघितलं नव्हतं. बोंड फुटून ती अळी दिसली तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं असेल.”

“मंग बिलकुल कशाला म्हणाले?”

“शायद म्हटलं असतं तर त्यांनी जाळलं असतं,” साहेब म्हणाले. “मग मला कधीच कळलं नसतं.”

मी म्हटलं, “आमच्यामुळं तुम्हाला हितं कोंडून घातलं.”

“कोंडून?” साहेबांना खरंच समजलं नाही. मग कोष फुटताना बघायचे तेव्हा व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला. “वहिनी, इकडं या. या पोत्याला कान लावा. हमालांकडं बघू नका. लावा.”

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि ज्वारीच्या पोत्याला कान लावला. आधी नुसतं गोणपाट टोचलं. मग कुठं तरी खूप आतून, वाळलेलं पान हळूच चुरगाळावं तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

“सोंडे,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “दाण्याच्या आत बसून खातात. बाहेरून दाणा शाबूत दिसतो. पण ऐकू येतात. ऐकू येतंय ना?”

मी मान हलवली. हमाल काम थांबवून आमच्याकडं बघत होते. आणि तेवढ्यात मालकांनी डोक्यावरचा फेटा काढून काखेत घेतला, माझ्या शेजारी वाकले आणि त्याच पोत्याला कान लावला.